नव्या चर्चासंस्थळाची रचना: अभिप्राय कोणाकडून घ्यावा आणि कसा

पुण्यात कोणत्याही आवडीच्या विषयाला वाहिलेला एखादा व्हॉट्सॲप गट असतोच. मग तो गच्चीवरच्या बागेचा असो, सह्याद्रीतल्या गडांचा असो किंवा सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचा. अशा गटाला दोन-तीन वर्षे झाली की एक अडचण हमखास जाणवू लागते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला तर काय फवारावे याचे नेमके उत्तर मागच्या पावसाळ्यात कोणीतरी दिलेले असते, पण ते पुढच्या निरोपांखाली गाडले जाते आणि तोच प्रश्न नव्याने विचारला जातो. मग गटातली दोन-चार उत्साही माणसे स्वतंत्र चर्चासंस्थळ काढायचे ठरवतात. २०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्ससारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे हे काम आता फार अवघड राहिलेले नाही. संस्थळ सुरू होते, ओळखीपाळखीचे सभासद येतात आणि चालक मंडळी पहिल्याच आठवड्यात एक धागा, म्हणजे एका विषयावरची चर्चा, उघडतात: "संस्थळाची रचना कशी वाटली? मोकळेपणाने सांगा."

हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि त्याला येणारी उत्तरेही मनापासूनच आलेली असतात. तरीही त्यातून फारसे काही हाती लागत नाही, कारण त्या धाग्यावर प्रतिसाद देणारा प्रत्येक जण नोंदणीचा अर्ज भरून, ओटीपी टाकून, पासवर्ड ठरवून, तो धागा शोधून आणि मराठीत टंकून तिथवर पोचलेला असतो. ज्याला ओटीपी आलाच नाही, नोंदणी कुठून करायची हे ज्याला उमगले नाही किंवा प्रतिसाद लिहिता लिहिता ज्याचा मजकूर उडाला, तो हे सांगायला तिथे येऊच शकत नाही. रचनेचे दोष ज्यांना सर्वाधिक भोवले त्यांची तक्रार त्याच दोषांमुळे आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नव्या चर्चासंस्थळाच्या चालकांनी अभिप्रायाची वाट पाहत बसू नये. तो आणायला उठून माणसांकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. हे काम कसे करावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

आत आलेल्यांमध्येही सगळे बोलत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ नियम या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो: ऑनलाइन समूहातले सुमारे ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळे लेखन उरलेल्या १ टक्क्याकडून होते. प्रत्येक संस्थळावर आकडे तंतोतंत असेच असतील असे नाही, पण मराठी संस्थळांवर वावरलेल्या कोणालाही रोमात असणाऱ्यांची, म्हणजे न लिहिता फक्त वाचणाऱ्यांची, संख्या किती मोठी असते हे ठाऊक आहे. अभिप्रायाच्या धाग्यावर मात्र लिहित्या हातांचेच राज्य असते. रात्रीसाठी काळी पार्श्वभूमी द्या, प्रतिसादाखाली स्वाक्षरीची सोय करा, अशा त्यांच्या मागण्या असतात. त्या चुकीच्या नसतात, परंतु दररोज गुपचूप वाचून जाणाऱ्या माणसाला कोणत्या पानावर काय अडते याचा पत्ता त्यांतून लागत नाही.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावातली आहे. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला "भाजी कशी झाली?" असे विचारले तर तो "छान" म्हणतो, आणि त्याच्या मताचा खरा अंदाज त्याने दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली की नाही यावरूनच येतो. भिडेपोटी माणसे बरे बोलतात हे तर आहेच, पण भीड बाजूला ठेवली तरी आपण अमुक गोष्ट का केली हे माणसाला स्वतःला नेमके सांगता येत नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले की, आपल्या वागण्यामागची म्हणून माणसे जी कारणे देतात ती बरेचदा मागाहून जुळवलेली असतात. त्यात दिसण्याचा प्रभाव वेगळाच. १९९५ मध्ये मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्यावरील बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या, तेव्हा जी मांडणी लोकांना देखणी वाटली तीच त्यांना वापरायला सोपीही वाटली. प्रत्यक्षात ती कितपत सोपी आहे याच्याशी या मताचा संबंध त्या मानाने कमी होता. थोडक्यात, "सोपे वाटले" हे उत्तर रंगसंगती आवडल्याचेही असू शकते.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिकांना बागेविषयीचे एक नवे संस्थळ त्यांच्याच फोनवर वापरायला दिले होते. कढीपत्त्याची पाने पिवळी पडत असल्याचा कोणाचा तरी प्रश्न त्यांना सापडला आणि त्या लगेच उत्तर लिहू लागल्या: आंबट ताक पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा घालावे, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, शेंडे खुडत राहावे. एका बोटाने, शांतपणे, शुद्धलेखन तपासत त्यांनी सगळे लिहिले. लिहून झाल्यावर त्या "पाठवा" असे बटण शोधू लागल्या, पण ते कीबोर्डच्या खाली झाकले गेले होते. कीबोर्ड घालवण्यासाठी त्यांनी फोनची मागे जाण्याची खूण दाबली, तो गेला. बटण तरीही दिसेना म्हणून पुन्हा दाबली, आणि लिहिलेल्या मजकुरासकट ते पानच गेले. "माझंच काहीतरी चुकलं असेल," असे म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला. नंतर रचनेबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे हो, रंग किती शांत आहेत!"

त्यांचे हे वाक्य अभिप्रायाच्या धाग्यावर आले असते, तर चालकांनी ते समाधानाने वाचले असते. प्रत्यक्षात त्या काही मिनिटांत रचनेचे दोन गंभीर दोष उघडे पडले होते: प्रतिसाद पाठवण्याचे बटण कीबोर्ड उघडा असताना दिसत नाही आणि अर्धवट लिहिलेला मजकूर आपोआप जपून ठेवला जात नाही. शिवाय वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेल्या एका उत्तराला ते संस्थळ मुकले, आणि चर्चासंस्थळाच्या दृष्टीने याहून मोठे नुकसान मला दिसत नाही.

म्हणूनच माणूस काय म्हणतो यापेक्षा तो काय करतो हे पाहणे महत्त्वाचे. या पाहण्याची एक रुळलेली पद्धत आहे. माणसाला एखादे काम द्यायचे आणि ते करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत संगणकाच्या पडद्यांसाठी मांडली आणि आजही तिच्याइतके स्वस्त व भरवशाचे साधन क्वचितच सापडेल. तिला प्रयोगशाळा लागत नाही. एखाद्या घराची बैठकीची खोली, दोन खुर्च्या, एक वही आणि त्या माणसाचा स्वतःचा फोन एवढे पुरते. फोन त्याचाच हवा, कारण त्यातली अक्षरे त्याने मोठी करून ठेवलेली असतात, कीबोर्ड त्याच्या सवयीचा असतो आणि पडद्याला गेलेला तडासुद्धा त्याच्या रोजच्या वापराचा भाग असतो.

काम कसे सांगावे यात खरी मेख आहे. "नवा धागा या बटणावर जाऊन प्रश्न विचारा" असे सांगितले तर आपण उत्तरच सांगून टाकतो. मग ते बटण आपणहून सापडते का, हे कधीच कळत नाही. त्याऐवजी प्रसंग सांगावा: "तुमच्या गच्चीवरच्या टोमॅटोला फुले येतात, पण फळ धरत नाही. याबद्दल इथे काही आहे का पाहा, आणि नसेल तर तुम्ही काय कराल ते करा." एवढ्या एका वाक्यात शोध, वाचन, नोंदणी आणि लेखन या सगळ्यांची परीक्षा होते. दुसरा प्रसंग असा देता येईल: "इथे कोणीतरी तुमच्या शेजाऱ्यांना अद्वातद्वा बोलले आहे, त्याची दखल घेतली जावी असे तुम्हाला वाटते." तक्रार कुठे करायची हे शोधताना माणूस किती भटकतो हे पाहिले, की पुढे हे संस्थळ भांडणे कशी हाताळणार आहे याचाही अंदाज येतो.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी: परीक्षा संस्थळाची आहे, तुमची नाही, आणि तुम्ही जिथे अडाल तिथे आम्हाला सुधारणा करता येईल. त्यानंतर गप्प बसावे. हे वाचायला सोपे आहे, पण ज्याने महिनोन्महिने खपून संस्थळ उभे केले त्याला समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट ठेवत असताना तोंडातून शब्द न काढणे फार जड जाते. "इथे दाबू का?" असे त्याने विचारले, तर "मी शेजारी नसतो तर तुम्ही काय केले असते?" एवढेच म्हणावे. आपल्या रचनेचे समर्थन करू नये, ती तशी का केली हे समजावत बसू नये, आणि "हे बटण दिसले नाही का?" असे तर मुळीच विचारू नये. ज्याला संस्थळाविषयी फार जिव्हाळा आहे त्याने वही घेऊन मागे बसावे आणि बोलण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, असे मी सुचवेन. वहीत माणसाने काय केले आणि कोणत्या शब्दांत बोलला हे जसेच्या तसे उतरवावे. आपले निष्कर्ष त्याच ओळीत मिसळू नयेत. पडद्याचे चित्रण करायचे असेल तर ते कशासाठी आहे आणि कोण पाहणार आहे हे सांगून आधी संमती घ्यावी.

किती माणसे पुरतात? नील्सन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ मध्ये अनेक चाचण्यांच्या आकडेवारीवरून असे गणित मांडले की, एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष सापडतात. दुसऱ्या माणसाला त्यांतले काही पुन्हा भेटतात आणि काही नवे दिसतात. अशा रीतीने पाच माणसांनंतर सुमारे ८५ टक्के दोष उजेडात येतात आणि त्यापुढे बहुतेक वेळ तेच ते पाहण्यात जातो. या आकड्यावर विसंबताना एक सावधगिरी मात्र हवी. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या चाचण्यांमधून पाच-पाच जणांचे गट काढून पाहिले, तेव्हा सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपासच आली, पण काही गटांना जेमतेम ५५ टक्के दोष सापडले होते. शिवाय हे गणित एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना लागू पडते. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत काम करणारे पाच मित्र गोळा केले, तर त्या पाचांना मिळून दिसेल ते साधारण एकालाच दिसल्यासारखे होईल. बागेच्या संस्थळासाठी निवृत्त मंडळी, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या गृहिणी, कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी आणि रोपवाटिका चालवणारे असे वेगवेगळे गट धरून प्रत्येकातून तीन-चार जण निवडले, तर चित्र खरे दिसू लागते.

डिझाइनचे शिक्षण घेतलेल्यांचे मत घ्यावे का, हा प्रश्नही पुण्यात साहजिक आहे, कारण विमाननगरच्या सिंबायोसिसपासून लोणी काळभोरच्या एमआयटीपर्यंत डिझाइन शिकवणाऱ्या संस्था इथे आहेत. जरूर घ्यावे, पण आधी घ्यावे. जाणकार माणूस ठरावीक तत्त्वांच्या कसोटीवर पडदे तपासतो आणि ढोबळ चुका चटकन दाखवतो. या तपासणीची पद्धत नील्सन आणि रोल्फ मोलिच यांनी १९९० मध्ये मांडली होती आणि तिची पुढे रूढ झालेली १० तत्त्वे १९९४ पासून वापरात आहेत. त्या चुका दुरुस्त करून मगच सामान्य वापरकर्त्यांकडे गेले, तर त्यांचा वेळ साध्या गोष्टींवर वाया जात नाही.

मराठी संस्थळाच्या बाबतीत काही दोष असे असतात की ते इंग्रजीत घडवलेल्या आणि इंग्रजीतच तपासलेल्या रचनेत दिसतच नाहीत. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण बाहेरून घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा आपल्याबरोबरच येतात. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले दोन ओळींमधले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो आणि बटणावरचे शब्द वरून कापले जातात. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने "सोसायट्यांमधल्यांसाठी" असे लांबलचक शब्द सहज तयार होतात. फोनच्या अरुंद पडद्यावर, त्यातही प्रतिसादाला दिलेला प्रतिसाद आणखी आत सरकवून दाखवला असेल तर, अशा एका शब्दाने अख्खी ओळ व्यापली जाते. रेडिटसारखी एकात एक गुंफलेली मांडणी ठेवावी की डिस्कोर्ससारखी सरळ एकाखाली एक, याचा निर्णय घेताना म्हणूनच मराठीत लिहिलेला खराखुरा संवाद डोळ्यांपुढे असावा.

अक्षरमर्यादेचा घोळ तर कोणाच्या लक्षातही येत नाही. "पुण्यातल्या" या शब्दात वाचणाऱ्याला पु, ण्या, त, ल्या अशी चार अक्षरे दिसतात, पण संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या प्रमाण पद्धतीच्या हिशेबाने व्यंजने, हलन्त चिन्हे आणि स्वरचिन्हे वेगवेगळी मोजली जाऊन ती ११ होतात. शीर्षकासाठी ६० ची मर्यादा घातली असेल, तर मराठीत लिहिणाऱ्याचे शीर्षक निम्म्यावरच अडते आणि आपण इतके लांब कुठे लिहिले, हे त्याला कळत नाही. शोधाचेही तसेच आहे: "आळी" आणि "अळी", "गांडूळखत" आणि "गांडुळ खत" असे दोन्ही प्रकारे लोक लिहितात, आणि जो शोध फक्त हुबेहूब जुळणारा शब्द दाखवतो त्याला उत्तर समोर असूनही सापडत नाही. टंकनाच्या पद्धतीही एकाच घरात तीन असू शकतात. कार्यालयात इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकलेले काका, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी शब्द निवडणारी त्यांची मुलगी आणि फोनशी बोलून मजकूर उतरवून घेणारी आजी. मजकूर लिहिण्याच्या चौकटीत एका पद्धतीने सुरळीत चालणारे लेखन दुसऱ्या पद्धतीत मधलीच अक्षरे गाळू शकते, म्हणून तिन्ही पद्धतींनी लिहिणारी माणसे चाचणीला हवीतच. आणि फिकट करड्या रंगातल्या तारखा व नावे उन्हात, गच्चीवर उभे राहून वाचता येतात का, हेही पाहावे; सुगम्यतेच्या, म्हणजे संस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ इतका असावा लागतो आणि तो मोजून देणारी साधने फुकट मिळतात.

चाचणीच्या वेळी संस्थळ रिकामे नसावे. चार धागे आणि सहा प्रतिसाद असलेल्या पानावर माणूस रचनेबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्याला फक्त तिथे कोणी नाही एवढेच जाणवते. जुन्या गटातले काही उपयुक्त प्रश्न आणि उत्तरे, लिहिणाऱ्यांच्या परवानगीने, आधी संस्थळावर आणावीत. नमुन्याचा निरर्थक मजकूर भरून चालणार नाही, कारण वाचण्यासारखे काही असल्याशिवाय माणूस वाचत कसा जातो हे दिसत नाही.

निरीक्षणे गोळा झाल्यावर ती लावण्याची वेळ येते. इथे मतमोजणी करण्याचा मोह होतो, पण तीन जणांना निळा रंग आवडला आणि दोघांना हिरवा, यावरून ठरवण्यासारखे काही नाही. कोणत्या दोषामुळे काम पूर्णपणे थांबले, कोणत्यामुळे रेंगाळले आणि कोणत्यामुळे नुसता वैताग आला, असा क्रम लावून पहिला वर्ग आधी हाती घ्यावा. पाचांपैकी एकालाच मजकूर उडाल्याचा अनुभव आला असला तरी तो दोष पाचही जणांना न आवडलेल्या रंगापेक्षा वरचा. सूचना मात्र जशीच्या तशी अमलात आणण्यापूर्वी तिच्यामागची अडचण शोधावी. "फोटो मोठे दाखवा" असे कोणी म्हणाले तर कशासाठी, हे विचारावे. पानावरचा डाग बुरशीचा आहे की किडीचा हे ओळखता येत नाही असे उत्तर आले, तर सगळ्या पानांवर फोटो मोठे करून मोबाइल डेटा वाढवण्यापेक्षा फोटोवर बोट ठेवताच तो मूळ आकारात उघडेल एवढी सोय पुरेशी ठरते.

दुरुस्त्या थोड्या थोड्या कराव्यात. २०१० मध्ये डिग या तेव्हाच्या लोकप्रिय अमेरिकन संस्थळाने आपली रचना एकदम आमूलाग्र बदलली, तेव्हा नेहमीचे वापरकर्ते इतके नाराज झाले की त्यांतले कितीतरी जण रेडिटकडे निघून गेले. सवय हीसुद्धा रचनेचाच भाग असते. काय बदलले, कोणाच्या निरीक्षणावरून बदलले आणि कोणती सूचना कोणत्या कारणाने स्वीकारली नाही, हे सभासदांना दरवेळी चार ओळींत कळवले, तर अभिप्राय देणाऱ्याचा वेळ मानाने वापरला गेला हे त्याला दिसते आणि पुढच्या वेळी तो आपणहून बोलतो.

दुरुस्तीनंतर तेच प्रसंग घेऊन पुन्हा चाचणी करावी, पण या वेळी माणसे नवी असावीत. पहिल्या फेरीतल्यांना बटण कुठे होते हे आता ठाऊक झालेले असते, त्यामुळे त्यांचे यश आपल्या दुरुस्तीचे की त्यांच्या स्मरणशक्तीचे, हे सांगता येत नाही. त्या शिक्षिकांना मात्र पुन्हा अवश्य बोलवावे: चाचणीसाठी नव्हे, तर कढीपत्त्याचे राहून गेलेले उत्तर लिहिण्यासाठी.